तळ्याच्या तोंडावरची जाळी

आमच्या चर्चच्या मागचं तळं काठोकाठ भरलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि मी अजून कुणालाही फोन केला नव्हता. हे आधीच सांगून टाकते. नंतर लोक माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले. आर्डिस कशी धावली, तिने कशी काच फोडली, वगैरे. धावले खरी. पण साडेअकरापासून बारापर्यंत मी ऑफिसात बसून रविवारच्या प्रार्थनेच्या पत्रिकांना घड्या घालत होते.

तळं मुळात आमच्याकडे आलं ते पावसाच्या बिलामुळे. सात वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की पावसाळी गटारांचा खर्च यापुढे घरपट्टीतून भागवायचा नाही. ज्याच्या जागेवर जितकं छप्पर आणि जितकं डांबर, त्याने तितका आकार भरायचा, पाण्याच्या बिलासोबत. घरपट्टी चर्चला माफ असते, हा आकार मात्र कुणालाच माफ नव्हता. आम्ही माणसं उरलोय पंचेचाळीस, त्यातली निम्मी काठी टेकत येणारी, आणि पार्किंग दोनशे गाड्यांचं, जुन्या भरभराटीच्या दिवसांतलं. "देवाच्या पावसाचे पैसे नगरपालिका घेणार का?" असं मी भर सभेत उभी राहून विचारलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्यासारख्यांच्या आरड्याओरड्याने दर निम्म्यावर आला, आणि टेकडीखालच्या रस्त्यातला जुना अरुंद पाइप बदलायचं काम तीन वर्षं पुढे गेलं. तेव्हा तो मला माझा विजय वाटला होता.

मग नगरपालिकेच्या गटार खात्यातला ओग्डन आला. पन्नाशीचा, जाडजूड, शांत माणूस. आमच्या तळघरातल्या कॉफीसोबत लिंबाच्या वड्या खात त्याने समजावलं, "तळं खणा. तुमच्या डांबरावरचं पाणी त्यात अडवा आणि हळूहळू खाली सोडा. बिलात अर्धी सवलत मिळेल. अट एकच, तळ्याचं तोंड कायम मोकळं पाहिजे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाऊन बघायचं आणि दर तीन महिन्यांनी फॉर्मवर सही करून कळवायचं."

तोंड म्हणजे बांधाच्या बुडाशी असलेला दोन फुटी पाइप. तो बांधाखालून जाऊन टेकडीखालच्या रस्त्याच्या गटाराला मिळतो. सही करायचं काम माझं, कारण ऑफिस मी सांभाळते. बघायचं काम व्हर्लिनचं. व्हर्लिन हाउगे, वय एकाहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, जन्मभर टर्की पाळल्या आणि आता चर्चमधलं काहीही मोडलं की तो जोडतो. मी विचारायची, "व्हर्लिन, तळं बघितलंस ना?" तो म्हणायचा, "तळं जागेवरच आहे, पळून गेलेलं नाही." मी सही ठोकायची. सहा वर्षं असंच चाललं.

मासे सोडायची कल्पना माझी. जूनच्या पहिल्या रविवारी मुलांची गळ टाकायची स्पर्धा, वर सॉसेज भाजायचे, दुपारभर बाकांवर बसायचं. पहिल्या वर्षी आम्ही विकत आणून सोडलेले मासे दोन दिवसांत तोंडातून खाली वाहून गेले, रस्त्याच्या गटारात तडफडत मेले आणि मुलं रडली. म्हणून दुसऱ्या वर्षीपासून माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याची उरलेली जाळी मी व्हर्लिनला दिली. त्याने ती तारेने तोंडावर घट्ट आवळली. स्पर्धेपुरती, एकच आठवडा. ती दर वर्षी लावायची आणि दर वर्षी काढायची. शिवाय बांधाच्या डाव्या टोकाला जादा पाणी वाहून जायला एक सखल जागा ठेवली होती. बाकं डुगडुगतात म्हणून ती आम्ही माती टाकून सपाट केली. ओग्डनला आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही. लपवायचं असं मनात नव्हतं. माशांबद्दल नगरपालिकेला काय सांगायचं, असं वाटलं.

या वर्षी स्पर्धा पावसाने दोनदा पुढे ढकलली. जाळी तीन आठवडे तशीच राहिली. जूनमध्ये आमच्याकडे कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडतो, बर्फ पडल्यासारखा. तो पाण्यावर पडतो, भिजतो, जाळीला चिकटतो आणि त्याचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. हे मला ठाऊक होतं. खुराड्याची जाळी दर जूनमध्ये मी झाडूने साफ करते. तरी आदल्याच आठवड्यात मी 'तोंड मोकळं आहे' यावर सही करून फॉर्म पाठवला होता.

त्या गुरुवारी सकाळी आठला पाऊस सुरू झाला आणि थांबायचं नावच घेईना. पास्टर परगावी गेले होते. चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. साडेअकराला व्हर्लिन मागच्या दारातून आत आला. टोपीतून पाणी गळत होतं आणि नेहमीची थट्टा तोंडावर नव्हती.

"बाकं पाण्यात गेली," तो म्हणाला.

"बाकं? ती तर बांधावर आहेत."

"दोन खालच्या अंगाला होती ना, ती. वरची अजून दिसतायत."

मी फोनकडे हात नेला. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. तीस वर्षांत त्याने माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता.

"कुणाला करतेस?"

"ओग्डनला."

"काय सांगशील? जाळी लावलीय म्हणून सांगशील?"

"मग काय करू?"

"अगं, सही तुझी आहे. तो येईल, फोटो काढेल. सहा वर्षांची सवलत परत मागतील. इथे छपराला पैसे नाहीत. आर्डिस, चर्चला कुलूप लागेल. दे मला अर्धा तास. ती उंच खिडक्या उघडायची आकडीची काठी आहे ना, तिने मी जाळी ओढून काढतो. निघाली की झालं. कुणाला कळायलाही नको."

मी हात मागे घेतला. मला त्याचं पटलं असं नाही. मला भीती वाटली, आणि त्याने त्या भीतीला एक कारण दिलं. चर्च वाचवतोय असं म्हटलं की बरं वाटतं. खरं तर मला भर सभेतल्या त्या टाळ्या आठवत होत्या. आता तीच माणसं माझ्याकडे कशी बघतील, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी पत्रिकांच्या घड्या घालायला लागले. सत्तेचाळीस घड्या घातल्या. एकाचीही कड जुळेना.

बाराला मी छत्री घेऊन बाहेर गेले. छत्री उलटली, तशीच टाकून दिली. बांधावर व्हर्लिन पोटावर पालथा पडून ती लांब काठी पाण्यात खुपसत होता. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. डांबरावरून अजून धो धो येतच होतं. आमचं सगळं पार्किंग त्या तळ्यात रिकामं होत होतं.

"लागतेय का?" मी ओरडले.

"आकडी अडकते आणि सुटते. जाळी पक्की आवळलीय. मीच आवळली ना मेली!" तो हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

मग मी बांधाच्या बाहेरच्या उताराकडे बघितलं. गवतातून करंगळीएवढी धार निघत होती. ती स्वच्छ असती तर पावसाची म्हटलं असतं. ती गढूळ होती. बांध आतून विरघळत होता.

त्या उताराच्या अगदी पायथ्याशी नोएमी आरियागाचं घर. घराचा खालचा मजला अर्धा जमिनीत. तिथे ती लोकांची लहान मुलं सांभाळते. कापड गिरणीत आणि टर्कीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची सहा मुलं. बारा ते अडीच ती झोपतात.

मी पळत ऑफिसात आले आणि नोएमीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मुलं झोपली की ती फोनचा आवाज बंद करते. मागे माशांच्या स्पर्धेचं आमंत्रण द्यायला मी फोन केला होता, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं होतं.

मग नगरपालिकेला लावला. एक बाई बोलली. तिच्या मागे आणखी चार फोन वाजत होते.

"टेकडीवरच्या चर्चमधून बोलतेय. आमचं तळं भरलंय. बांधावरून जाईल."

"थांबा हं, बघते." कळांचा आवाज. "तुमच्या तळ्याची नोंद आहे इथे. मागच्या आठवड्याचीच आहे. तोंड मोकळं. तोंडात काही अडकलंय का?"

हा प्रश्न तिने अगदी सरळ विचारला. उत्तरही सरळ होतं. हो, खुराड्याची जाळी. तीन शब्द.

"तसं काही नाही," मी म्हणाले. "नसावं."

"मग ते आपोआप उतरेल. आज सगळीकडे हाहाकार आहे. ज्यांची तोंडं बुजलीत तिथे आधी माणसं पाठवतोय. तुमचं नाव लिहून ठेवते. तास-दोन तास लागतील."

"बाई, खाली घर आहे..."

पण तिने दुसरा फोन उचलला होता.

मी फोन ठेवला आणि मला स्वतःची शिसारी आली. जीव गेला तरी चालेल पण नाव जाऊ नये, असली मी बाई. आणि जीव माझा जायचा नव्हताच.

मी परत बांधावर गेले. धार आता मनगटाएवढी झाली होती. "व्हर्लिन, मी नोएमीकडे जाते. मुलांना बाहेर काढते. तू त्या पाण्यात उतरायचं नाहीस. ऐकतोयस ना?"

"मी काय वेडा आहे का?"

"शपथ घे."

"आपल्या लुथरन पंथात शपथ घेत नाहीत."

"व्हर्लिन!"

"नाही उतरत, बाई, नाही उतरत. तुझ्या गुडघ्यांना सांभाळ. गवत निसरडं आहे."

मी त्या उतारावरून अर्धी धावत, अर्धी घसरत खाली गेले. धारेच्या बाजूने जाताना पायाखालची जमीन मऊ लागत होती, ओल्या पावासारखी. माझं वय बासष्ट. शेवटची कधी धावले होते ते आठवत नाही.

नोएमीच्या दारावर तिच्या हस्ताक्षरात चिठ्ठी होती. 'मुलं झोपली आहेत. कृपया बेल वाजवू नका.' मी बेल दाबली. वाजली नाही, ती तिने काढून ठेवली होती. दोन्ही मुठींनी दार ठोकलं. आत पंखे चालले होते, पावसाचा आवाज मुलांना ऐकू येऊ नये म्हणून लावलेले मोठाले पंखे. पडदे ओढलेले. मी ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. दारात कुंडी होती, मिरच्यांची. ती उचलली आणि खिडकीवर मारली.

नोएमी दार उघडून बाहेर आली ती माझ्यावर हात उगारूनच. "तुम्हाला वेड लागलंय का, आर्डिसबाई? मुलं आहेत आत!"

"म्हणूनच! बांध फुटतोय. काढ त्यांना. आत्ता."

तिने माझ्या खांद्यावरून वर बघितलं. वर उतारावरून आता तांबडं पाणी पाटासारखं येत होतं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या हातात एक गरम, झोपेने जड झालेलं मूल कोंबलं, स्वतः दोन घेतली, आणि आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या उंचवट्यावरच्या घराच्या ओसरीवर ठेवली. परत गेलो. तिसऱ्या खेपेला आतल्या गालिच्यावर घोट्याएवढं पाणी होतं आणि एका मुलाचा बूट त्यात तरंगत होता. एक मुलगी पलंगाखाली लपली होती. नोएमी तिला स्पॅनिशमध्ये चुचकारत होती. मी पाय धरून त्या मुलीला बाहेर ओढलं. ती मला चावली. चावू दे म्हटलं.

ओसरीवर सहाही मुलं होती. नोएमीने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून पाहिलं आणि मग खाली बसून रडायला लागली.

तेवढ्यात रस्त्यातलं गटार गर्जलं. खरंच गर्जलं. लोखंडी झाकण उडून बाजूला पडलं आणि पांढरं पाणी उसळून वर आलं, माणसाच्या उंचीइतकं. मुलं किंचाळली.

"हे काय आता?" नोएमी म्हणाली. "गटारही फुटलं?"

"फुटलं नाही," मी म्हणाले. "सुटलं. तळं सुटलं!" मी तिला मिठी मारली. जाळी निघाली होती. आमचं तळं त्याच्या तोंडातून वाहत होतं, जसं वाहायला हवं तसं. वर बांधाकडे पाहिलं तर उतारावरचा पाट बारीक होताना दिसत होता. बांध टिकणार होता. घर टिकणार होतं. मी व्हर्लिनला मनातल्या मनात शाबास म्हटलं, आणि लाज वाटते सांगायला, मी हेही मनात म्हटलं की आता कुणाला कळणार नाही.

मग मला आठवलं की त्या काठीने जाळी निघत नव्हती. आकडी अडकत होती आणि सुटत होती. अर्धा तास त्याने तेच केलं होतं. मग आता कशी निघाली?

मी बांधाच्या माथ्याकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तो पलीकडे बसला असेल, दम खात असेल. मी हाक मारली. पुन्हा मारली. नोएमी म्हणाली, "इतक्या लांबून नाही ऐकू येणार हो."

गटारातलं पाणी उसळत होतं. उसळत होतं, आणि मग उसळायचं थांबलं. हळूहळू नाही, एकदम, कुणी नळ पिळावा तसं. रस्त्यावर नुसतं पावसाचं पाणी वाहत राहिलं.

ओग्डनचा पिवळा ट्रक त्याच वेळी कोपऱ्यावर वळला. आमचं नाव यादीत शेवटी होतं, तरी तो स्वतःहून आला होता. खाली मुलं सांभाळतात हे त्याला माहीत होतं. तो उतरला, ओसरीवरची मुलं बघितली, वर बांध बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"सगळी बाहेर आहेत? वा! बाई, तुम्ही कमाल केलीत. पाणी हातभर उतरलंय, येताना चर्चवरून बघून आलो. आता धोका नाही." मग तो गटाराशी गेला, वाकला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण वाहता वाहता थांबलं का? तळं तर अजून भरलेलं आहे. पुन्हा तोंडात काहीतरी येऊन बसलंय. पाइप चांगला दोन फुटी आहे. पालापाचोळ्याने नाही बुजायचा." तो माझ्याकडे वळला. "काही कल्पना आहे का तुम्हाला? एखादं बाक वगैरे?"

नोएमी माझ्याकडे बघत होती. मला चावलेली ती मुलगी माझ्या ओल्या स्कर्टला धरून उभी होती. या वेळी उत्तर द्यायला मला काहीच वेळ लागला नाही, आणि तरी फार उशीर झाला होता.

"तिथे जाळी होती," मी म्हणाले. "माशांसाठी आम्हीच लावली होती. मी खोटी सही केली. मघाशी फोनवरही खोटं बोलले."

"ते राहू द्या आता. जाळी तर निघाली ना? मग आत काय आहे?"

"व्हर्लिन," मी म्हणाले.